लक्ष उडतं ती जागा

‘मन लावून अभ्यास कर’ हे वाक्य ऐकल्याशिवाय मराठी घरातलं एकही मूल मोठं होत नाही. आई म्हणते, मामा म्हणतात, वर्गशिक्षिका प्रगतिपुस्तकात शेरा लिहितात. मीही म्हणत आले. गेली बावीस वर्षं मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना गणित शिकवते, आणि त्यातली पहिली दहा वर्षं तरी, समोरच्या मुलाचे डोळे फळ्यावर आणि मन खिडकीबाहेर दिसलं की माझ्या तोंडून हेच निघायचं. आता मी ते म्हणत नाही. त्या वाक्यात दोष कुणाचा हे आधीच ठरवून टाकलेलं असतं. विषय ठीक आहे, पुस्तक ठीक आहे, शिकवणारी ठीक आहे, पोराचं मन तेवढं ठिकाणावर नाही. हा निवाडा चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगली चांगली मुलं विषय सोडून जाताना मी पाहिली आहेत.

आधी समोरच्यांचं म्हणणं पुरतं मांडते. ते म्हणतात, एकाग्रता ही मनाची ताकद आहे. तालमीत अंग कमावलं की माणूस पोतंही उचलतो आणि नांगरही धरतो, तशी एकाग्रता एकदा कमावली की हव्या त्या विषयाला लावता येते. म्हणून पहाटे उठा, दिव्याच्या ज्योतीवर त्राटक करा, मोबाईल कपाटात कोंडा, पंचवीस मिनिटांचं घड्याळ लावा, अभ्यासिकेत जागा घ्या आणि बूड टेकून बसा. एवढं करूनही लक्ष लागलं नाही तर इच्छाशक्ती कमी पडते, किंवा विषयाची आवड नाही, किंवा मग ज्यावर अपीलच नाही असा शेवटचा निकाल: ‘याचं डोकं गणिताचं नाही.’ ही माणसं मुलांच्या भल्यासाठीच बोलतात आणि त्यांच्या काही सूचना मी स्वतः पाळते. पण मुळातला क्रम उलटा आहे. अवघड विषयात आधी लक्ष लागतं आणि मग समजतं, असं होत नाही. एकेक कडी हाती येते तसतसं लक्ष टिकतं, आणि कडी निसटली की त्याच क्षणी ते उडतं. म्हणून लक्ष उडालं की मनाला दटावण्याआधी ते कुठे उडालं ती जागा बघावी, एवढंच मला सांगायचं आहे.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. वाडीवरून रोज एसटीने यायची, तास कधी बुडवायची नाही. रिअल अ‍ॅनालिसिसच्या पहिल्या चाचणीनंतर ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. “मॅडम, मी विषय बदलू का? माझं लक्षच लागत नाही. पान वाचत खाली येते आणि वर काय होतं तेच आठवत नाही. पहाटे वाचून बघितलं, रात्री वाचून बघितलं. घरचे म्हणतात, हिचं मन दुसरीकडे असेल.” गावाकडे मुलीच्या बाबतीत या शेवटच्या वाक्याचा अर्थ काय लावतात हे वेगळं सांगायला नको. तिचा आवाज तिथेच अडकला.

मी तिला पेन्सिल दिली. म्हटलं, “आज वाचताना मन जिथे जाईल तिथे समासात एक टिंब दे. स्वतःवर चिडू नकोस. टिंब दे आणि पुन्हा वाचायला लाग.” चौथ्या दिवशी ती पुस्तक घेऊन आली. मन मुळातच भटकं असतं तर टिंबं पानभर विखुरलेली दिसली असती. तशी ती नव्हती. दोन पानांत अकरा टिंबं होती आणि त्यातली आठ एकाच ओळीशी दाटली होती.

ती ओळ मला पाठ आहे. क्षचा वर्ग हे फंक्शन २ या बिंदूपाशी कंटिन्युअस आहे, म्हणजे क्ष दोनच्या पुरेसा जवळ ठेवला की त्याचा वर्ग चारच्या हवा तितका जवळ राहतो, हे सिद्ध करायचं होतं. चारच्या किती जवळ, ते सांगणारा एप्सिलॉन. त्यासाठी दोनच्या किती जवळ राहायचं, ते सांगणारा डेल्टा. पुस्तकातली सिद्धता अशी सुरू होते: एप्सिलॉन दिलेला आहे, १ आणि एप्सिलॉन भागिले ५, यांतली लहान संख्या म्हणजे डेल्टा समजू. मग चार ओळींत सगळं जमून येतं आणि सिद्धता संपते. आता हे पाच कुठून आले? पुस्तक सांगत नाही. लिहिणाऱ्याने ते आधी रफमध्ये शोधलेले असतात. क्षचा वर्ग वजा ४ म्हणजे (क्ष – २) गुणिले (क्ष + २). क्षला दोनपासून एकाच्या आत ठेवलं तर तो १ आणि ३ यांच्या मध्ये राहतो, म्हणून क्ष + २ पाचाच्या वर जात नाही. मग पहिला गुणक एप्सिलॉनच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवला की काम झालं. पाच असे शोधाच्या शेवटी हाती लागतात, पण छापताना ते पहिल्या ओळीत बसवतात आणि रफचा कागद टाकून देतात. तिचं मन त्या ओळीपाशी थांबत होतं, कारण तिथे थांबायलाच हवं. पाच कुठून आले हे न विचारता जो पुढे जातो त्याचं लक्ष मला जास्त काळजीचं वाटतं.

मी रफ करून दाखवलं, तर ती आणखी एका जागी अडली. ‘दोनपासून एकाच्या आत’ हे पुस्तकात दोन उभ्या रेघांमध्ये लिहितात. अकरावीत तिला मॉड्युलस शिकवला होता तो असा: आत वजा असेल तर अधिक करायचं. त्या दोन रेघा म्हणजे दोन संख्यांमधलं अंतर, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी वहीत आडवी रेघ ओढली, २ वर बोट ठेवलं आणि दोन्ही बाजूंना एकेक पाऊल टाकून दाखवलं. “म्हणजे हे अंतर आहे होय!” ती म्हणाली. त्याला दहा मिनिटं लागली. घरात ज्याला तीन आठवडे ‘मन दुसरीकडे आहे’ म्हणत होते, ते एवढंच होतं.

एकाग्रता आधी कमवा म्हणणारे पतंजलीचा हवाला देतात. तो हवाला मी आनंदाने घेते. योगाच्या आठ अंगांत मनाला एका जागी बांधण्याला, म्हणजे धारणेला, सहावी जागा आहे. पाच अंगं तिच्या आधी येतात. चित्ताला विक्षेप करणारे नऊ अडथळे पतंजलीने योगसूत्रांच्या पहिल्याच पादात मोजले आहेत. त्यांत आळस आहे, व्याधी आहे, पण त्याच पंगतीत संशय आहे, भलतंच खरं धरून बसणारं भ्रांतिदर्शन आहे, आणि अलब्धभूमिकत्व आहे, म्हणजे पुढची पायरी पायाखाली न लागणं. तिथे विषय समाधीचा आहे, बी.एस्सी.च्या पेपरचा नाही, हे मान्य. तरी चित्ताचा इतका बारीक विचार करणाऱ्याने न फिटलेली शंका आणि न सापडलेली पायरी ही चित्त उडण्याची कारणं म्हणून नोंदवली, हे महत्त्वाचं आहे. आपण त्या नवांतला आळस तेवढा उचलतो आणि मुलाच्या माथी मारतो. ध्यानाला माझा विरोध नाही. पण ध्यानाने शांत झालेलं मन त्या पाचाच्या ओळीपाशी आलं, तरी पाच त्याला समजत नाहीत. फार तर न समजणं त्याला शांतपणे सोसता येतं.

मोबाईलची तक्रार जास्त वजनाची आहे. अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, असं मीही सांगते. अवघड सिद्धतेत तीन-चार गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. मध्ये एक मेसेज आला की मांडलेला डाव मोडतो आणि पुन्हा मांडावा लागतो. पण हात फोनकडे कधी जातो ते बघा. गणित सुटत चाललं असताना क्वचित जातो. ओळ दुसऱ्यांदा वाचली, तिसऱ्यांदा वाचली, तरी अर्थ लागेना, की जातो. मी शिकत होते तेव्हा मोबाईल नव्हते, आणि याच ओळींवर मी होस्टेलच्या खिडकीतून समोरच्या कौलांवरची कबुतरं मोजत बसायचे. कबुतरं उडवून लावली असती तरी डेल्टा कळला नसता.

‘या पिढीची एकाग्रताच संपली’ हे तर मी वर्गातल्या अनुभवावरून नाकारते. पहिल्या दिवशी मी फळ्यावर देवळालीच्या शाळामास्तरांचं, द. रा. कापरेकरांचं काम मांडते. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येत राहते. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोहोचता. शेवटच्या बाकावरची पोरं वही ओढून घेतात आणि वर्गात फक्त पेनांचा आवाज उरतो. कुणी त्राटक केलेलं नसतं, फोन सगळ्यांच्या खिशात असतात. कुणी म्हणेल, ही तर गंमत झाली, अवघड विषय कुठे आहे? बरोबर आहे. पण एकाग्रता नावाची ताकदच नाहीशी झाली असती, तर ती गमतीलाही पुरली नसती. ताकद आहे. इथे प्रत्येक पायरी हाताला लागते, अ‍ॅनालिसिसच्या पुस्तकात लागत नाही, हा फरक आहे.

आता बैठक. पुण्याच्या पेठांतून फिरताना गल्लोगल्ली अभ्यासिकांच्या पाट्या दिसतात. आत प्लायवूडच्या फळ्यांनी वेगळी केलेली टेबलं, पाण्याची बाटली, भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक. गावातली शेती किंवा आईचे दागिने गहाण ठेवून आलेली मुलं तिथे बारा-बारा तास बसतात. त्यांच्या चिकाटीपुढे मी मान झुकवते, आणि म्हणूनच ती चिकाटी वाया गेलेली मला बघवत नाही. बसण्याचे तास आणि समजण्याचे तास एक नव्हेत. तेच पान पाचव्यांदा वाचताना ते ओळखीचं वाटतं, आणि ओळख म्हणजे समज असं मन स्वतःला पटवतं. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत लिहिणारे पुढे गेले. पुस्तक मिटून लिहिताना लक्ष उडायला वावच नसतो, कारण आपल्याला काय येत नाही ते कोऱ्या कागदावर लगेच उघडं पडतं. बैठक याच कामाला लावली तर ती सोन्यासारखी आहे.

आणि ‘डोकं लागतं’ म्हणणाऱ्यांना मला थोडा इतिहास सांगायचा आहे. कलनाचं गणित न्यूटनने सतराव्या शतकात रचलं, लाइबनिट्सने १६८४ मध्ये छापलं. त्या गणिताने ग्रहांच्या कक्षा निघाल्या, पण त्याचा पाया नीट कुणालाच सांगता येत नव्हता. १७३४ मध्ये बर्कली नावाच्या धर्मगुरूने विचारलं, तुमच्या या अतिसूक्ष्म राशी शून्य आहेत की नाहीत ते एकदा ठरवा. त्याचा प्रश्न माझ्या वर्गातल्या कुठल्याही प्रामाणिक विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. कोशी या गणितज्ञाने १८२१ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात पाया घालायला घेतला आणि त्यातच चूक केली. कंटिन्युअस फंक्शनांची अनंत बेरीज कन्व्हर्ज होत असेल, म्हणजे ठरावीक किमतीपाशी स्थिरावत असेल, तर तीही कंटिन्युअसच असते, असं त्याने सिद्धतेसकट लिहिलं. १८२६ मध्ये आबेल या चोवीस वर्षांच्या नॉर्वेजियन तरुणाने दाखवून दिलं की या प्रमेयाला अपवाद आहेत. घोटाळा कशात होता, तर कोणती राशी आधी ठरते आणि कोणती तिच्यावर अवलंबून आहे, या क्रमात. तो पुरता उलगडायला आणखी वीसेक वर्षं गेली. आज जी एप्सिलॉन-डेल्टाची भाषा आपण शिकवतो ती व्हायरस्ट्रासच्या बर्लिनमधल्या व्याख्यानांतून रुळली. जिथे कोशी अडखळला, नेमक्या त्या वळणावर आम्ही एकोणीस वर्षांच्या मुलीला ४८ मिनिटांच्या एका तासात नेऊन उभी करतो, आणि तिचे डोळे खिडकीकडे वळले की म्हणतो, हिचं डोकं गणिताचं नाही.

आवडीचंही तसंच. आवड असेल तर लक्ष लागतं हे खरं, पण ती विषयाच्या दारात आधीपासून उभी नसते. संख्यारेषेवर बोट ठेवलं त्या दुपारी त्या मुलीला अ‍ॅनालिसिस आवडू लागलं, त्याआधी नाही.

मग करायचं काय? विल्यम जेम्सने १८९० मध्ये मानसशास्त्रावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात म्हटलं आहे की, प्रयत्नाने लावलेलं लक्ष एका दमात काही सेकंदांपलीकडे टिकत नाही. ते पुन्हा पुन्हा आणावं लागतं, आणि ज्या वस्तूत काही नवं दिसत जातं तिच्यावरच ते राहतं. मला हे वाचून केवढा दिलासा मिळाला! मन उडतं, सगळ्यांचंच उडतं. त्याला परत आल्यावर करायला काही काम हवं. छापील ओळ तशीच राहते, तिच्यात नवं काही दिसत नाही. तेव्हा ओळीला प्रश्न विचारायला हवा, आणि अवघड विषयात प्रश्न विचारायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे आकडे घालणं. एप्सिलॉन म्हणजे ०.१ घ्या. चारपासून ०.१ च्या आत राहायचं, तर दोनपासून किती दूर जाता येईल? ०.०२५ चालेल? २.०२५ चा वर्ग ४.१००६२५. नाही चालत, अगदी थोडक्यात हुकलं. ०.०२४? २.०२४ चा वर्ग ४.०९६५७६. चालतं. खालच्या बाजूने १.९७६ चा वर्ग ३.९०४५७६. तेही चालतं. पुस्तकाच्या सूत्राने येतो ०.०२, म्हणजे पुस्तक थोडं हात राखून आहे, आणि ते का, हा पुढचा प्रश्न. जो विद्यार्थी एवढं करतो त्याला लक्ष लावावं लागत नाही. त्याला उठवावं लागतं.

अडलं की मागे जायचं, आणि कितीही मागे. दुसऱ्या वर्षाची अडचण अकरावीत सापडते, कधी आठवीत. मागे जाण्यात मुलांना कमीपणा वाटतो, आणि तो आम्हीच त्यांच्या मनात भरवला आहे. ‘एवढंही येत नाही?’ हा प्रश्न ज्या वर्गात विचारला जातो तिथे मुलं पाच कुठून आले हे विचारायचं सोडून देतात आणि मान डोलवायला शिकतात. तसं डोलवणाऱ्यांनी वर्ग भरला की शिकवणाऱ्याला वाटतं, काय सुंदर लक्ष आहे!

यावर माझेच सहकारी म्हणतात, मॅडम, अभ्यासक्रम संपवायचा की एकेकीची टिंबं मोजायची? परीक्षा डोक्यावर असते, खरं आहे. पण त्या मुलीचे तीन आठवडे गेले होते आणि उपायाला दहा मिनिटं लागली. वेळ कशाने वाचतो ते त्यांनीच सांगावं. एक मात्र मला नाकारायचं नाही. काही मुलांच्या लक्षाचा त्रास खरोखर वेगळा असतो, लहानपणापासून आणि प्रत्येक गोष्टीत दिसणारा. त्यांना डॉक्टरांकडे न्यायला हवं आणि त्यात लाज वाटायचं कारण नाही. आणि जी मुलं पहाटे दूध काढून, दोन तास उभ्याने प्रवास करून वर्गात येतात, त्यांना झोप आणि पोटभर जेवण हवं. मी बोलते आहे ती बाकीच्यांबद्दल, ज्यांची संख्या मोठी आहे आणि ज्यांनी स्वतःबद्दल उगाच वाईट मत करून घेतलं आहे.

त्या मुलीने विषय बदलला नाही. साधारण महिन्याने, तास संपल्यावर ती वही घेऊन टेबलापाशी आली. तिने स्वतःच रकाने आखले होते. एप्सिलॉन सगळीकडे ०.१. बिंदू २, डेल्टा ०.०२४. बिंदू १०, डेल्टा ०.००४; शेजारी लिहिलेलं, ०.००५ हुकतो. बिंदू १००, डेल्टा ०.०००४. “मॅडम, बिंदू जितका लांब, तितका डेल्टा बारीक होत जातो. मग बिंदू कुठला ते कळायच्या आधीच डेल्टा सांगा म्हटलं, तर सांगताच येणार नाही ना?”

युनिफॉर्म कंटिन्युइटीचा, म्हणजे नेमक्या याच प्रश्नाचा धडा मी पुढच्या आठवड्यात घेणार होते. तिने तो उघडलेला नव्हता. मी तिला कोशीची गोष्ट सांगायला लागले, आणि बोलता बोलता सव्वापाचची गाडी गेली. पुढची साडेसहाला होती. मी घरी जाताना स्टँडवरून गेले तेव्हा ती बाकावर बसली होती. मांडीवर वही उघडी होती आणि १००० चा रकाना आखून झाला होता.